‘ओल्ड नंबर वन’ : जीर्णोद्धार, अस्सलपणा आणि मूल्य

मोटार ही घसाऱ्याची वस्तू आहे, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच शिकवले जाते. दरवर्षी १५ टक्के या दराने घटत्या शिलकीवर घसारा काढला, तर दहा वर्षांच्या अखेरीस मोटारीची पुस्तकी किंमत मूळ किमतीच्या एक-पंचमांशाहूनही कमी उरते. वाहनकर्ज मंजूर करणारा बँक अधिकारी हाच नियम डोळ्यांसमोर ठेवून कर्जाची मुदत आणि तारणाची सुरक्षित मर्यादा ठरवतो. सर्वसाधारण वाहनांच्या बाबतीत हा नियम अचूक ठरतो, यात शंका नाही.

तथापि, या नियमाला एक ठळक अपवाद आहे. काही मोजक्या मोटारी विशिष्ट वयोमर्यादा ओलांडल्यावर स्वस्त होण्याऐवजी महाग होऊ लागतात. त्यांचा उपयोग प्रवासासाठी उरत नाही. त्या संग्रहाच्या वस्तू बनतात. जुन्या, नामवंत आणि जीर्णोद्धार केलेल्या स्पोर्ट्स मोटारी या वर्गात अग्रभागी आहेत. लिलावगृहे त्यांच्या सचित्र सूची प्रसिद्ध करतात आणि देशोदेशीचे संग्राहक कोट्यवधी रुपयांच्या बोली लावतात. अशा वेळी एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. ज्या वस्तूचे बहुतेक भाग कालांतराने बदलले गेले आहेत, ती वस्तू मूळचीच आहे असे म्हणता येईल काय? आणि नसेल, तर खरेदीदार नेमके कशाचे मोल देतो?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयासमोर तो एक कोटी पौंडांच्या व्यवहाराच्या रूपाने आला होता. त्या खटल्यातील मोटारीचे नाव होते ‘ओल्ड नंबर वन’. मालमत्तेचे मूल्यांकन, कागदपत्रांचे महत्त्व आणि करारातील शब्दांचे वजन या तिन्ही अंगांनी हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे.

मोटारीची कुळकथा

डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये बेंटली मोटर्स ही कंपनी स्थापन केली. भक्कम बांधणीच्या, मोठ्या इंजिनाच्या वेगवान मोटारी ही तिची ख्याती होती. फ्रान्समधील ल मान्स येथे १९२३ पासून भरणारी चोवीस तासांची शर्यत ही त्या काळी मोटारीच्या वेगाइतकीच तिच्या टिकाऊपणाची परीक्षा मानली जाई. ही शर्यत बेंटलीने १९२४, १९२७, १९२८, १९२९ आणि १९३० अशी पाच वेळा जिंकली.

कंपनीची कीर्ती वाढत असली तरी तिजोरी मात्र रिकामी होत होती. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या व्यवसायात अमाप संपत्ती मिळवणाऱ्या बार्नी बार्नाटो यांचे पुत्र वुल्फ बार्नाटो यांनी १९२६ मध्ये कंपनीत मोठी गुंतवणूक केली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. हे अध्यक्ष स्वतः कुशल शर्यतपटूही होते. ल मान्सच्या शर्यतीत ते तीन वेळा उतरले आणि तिन्ही वेळा विजयी झाले.

यांपैकी शेवटचे दोन विजय त्यांनी एकाच मोटारीतून मिळवले. साडेसहा लिटर क्षमतेच्या सहा सिलिंडरी इंजिनाची ही ‘स्पीड सिक्स’ जातीची बेंटली होती. १९२९ मध्ये बार्नाटो आणि सर हेन्री बर्किन यांनी तिच्यातून चोवीस तासांत सुमारे २,८४४ किलोमीटर अंतर कापले. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक बेंटलीच्या मोटारींनी पटकावले. १९३० मध्ये बार्नाटो यांच्या जोडीला ग्लेन किड्स्टन होते. त्या वर्षी कापलेले अंतर सुमारे २,९३१ किलोमीटर भरले. एकाच मोटारीने लागोपाठ दोन वर्षे ही शर्यत जिंकणे ही असामान्य घटना होती. त्यामुळेच कंपनीच्या शर्यत-ताफ्यातील या मोटारीला ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव आदराने चिकटले.

एक नाव, अनेक रूपे

जागतिक मंदीच्या तडाख्यात बेंटली मोटर्स तग धरू शकली नाही. १९३१ मध्ये ती रिसीव्हरच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रोल्स-रॉइसने तिची खरेदी केली. कंपनी विकली गेली तरी ‘ओल्ड नंबर वन’ शर्यतीच्या मैदानातून बाहेर पडली नाही. बार्नाटो यांच्या पाठिंब्याने ती इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर उतरली. १९३१ ची पाचशे मैलांची शर्यत जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यातून जिंकली.

पुढच्या वर्षासाठी तिच्यात मोठे बदल करण्यात आले. साडेसहा लिटरच्या इंजिनाची जागा आठ लिटरच्या इंजिनाने घेतली. १९३२ च्या सप्टेंबरमध्ये त्याच पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅक यांचे बंधू क्लाइव्ह डन्फी ही मोटार चालवीत असताना ती धावपट्टीच्या उंच कडेवरून बाहेर फेकली गेली आणि क्लाइव्ह यांचा जागीच अंत झाला. मोटारीच्या विजयगाथेत एका तरुणाच्या मृत्यूचे हे पान कायमचे जोडले गेले.

अपघातानंतर मोटार मोडीत निघाली नाही. बार्नाटो यांच्यासाठी तिची पुनर्बांधणी झाली आणि बंद छताची, रस्त्यावर चालवण्याजोगी मोटार म्हणून ती नव्या रूपात अवतरली. पुढील दशकांत तिचे मालक बदलत गेले, दुरुस्त्या होत गेल्या. अखेरीस एका इंग्रज संग्राहकाच्या हाती आल्यावर तिचा जीर्णोद्धार होऊन तिला पुन्हा शर्यतीच्या मोटारीचे रूप देण्यात आले.

शर्यतीच्या मोटारीचे आयुष्यच असे असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. घरगुती मोटारीचा सुटा भाग झिजल्यावर बदलला जातो. शर्यतीच्या मोटारीचा भाग झिजण्यापूर्वीच बदलला जातो. एका शर्यतीनंतर इंजिन उतरवले जाते, दुसऱ्या शर्यतीपूर्वी चॅसिस बदलली जाते. त्यामुळे सर्व मूळ भाग शाबूत असलेली जुनी शर्यतीची मोटार आढळलीच, तर ती बहुधा फारशी न धावलेली आणि म्हणून फारशी न जिंकलेली असते. यश आणि मूळ स्वरूप या दोन गोष्टी या क्षेत्रात सहसा एकत्र नांदत नाहीत.

एक कोटी पौंडांचा करार

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या मोटारींच्या बाजाराला विलक्षण तेजी आली. नोव्हेंबर १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील लिलावात बुगाटी रॉयाल ही मोटार ५५ लाख पौंडांना विकली गेली आणि जगभरच्या गुंतवणूकदारांचे लक्ष या बाजाराकडे वळले. मोटारीची आवड नसलेली मंडळीही केवळ किंमत वाढेल या अपेक्षेने खरेदीस उतरली.

या पार्श्वभूमीवर एप्रिल १९९० मध्ये ‘ओल्ड नंबर वन’च्या विक्रीचा करार झाला. खरेदीदार होती मिडलब्रिज सिमिटार ही कंपनी आणि व्यवहाराचे मूल्य होते एक कोटी पौंड. एका मोटारीसाठी तोवर ठरलेल्या सर्वाधिक किमतींमध्ये याची गणना होत होती. मात्र, करारानंतर खरेदीदार कंपनीने व्यवहार पूर्ण करण्यास नकार दिला. आपल्याला देऊ केलेली मोटार ही ल मान्स जिंकणारी अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ नाही, तिचे बहुतेक भाग नंतरचे आहेत, असा तिचा दावा होता. विक्रेत्याने कराराच्या पूर्ततेसाठी न्यायालयाचे दार ठोठावले.

न्यायालयाचा विचार

प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर चालले आणि २७ जुलै १९९० रोजी निकाल लागला. न्यायालयाने तज्ज्ञांच्या साक्षी घेऊन मोटारीच्या भागांची अक्षरशः झडती घेतली. त्यातून निघालेले चित्र खरेदीदाराच्या बाजूने झुकणारे वाटावे असेच होते. १९२९ मध्ये विजयी झालेल्या मोटारीचे निश्चितपणे ओळखता येईल असे जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. ल मान्सच्या काळातील म्हणावेत असे भाग म्हणजे पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे आवरण आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच. चॅसिस आणि आठ लिटरचे इंजिन ब्रुकलँड्सच्या पर्वातील होते.

भागांची मोजदाद हाच एकमेव निकष मानला असता, तर निकाल तेथेच लागला असता. परंतु न्यायमूर्तींनी दुसरा आणि अधिक खोल प्रश्न विचारला. भाग कसे बदलले गेले? सर्व मोटार एकदम मोडून नव्याने उभारली गेली काय? की ती मोटार म्हणून सतत अस्तित्वात असताना एकेक भाग तिच्यात सामावत गेला? पुरावा दुसऱ्या शक्यतेच्या बाजूने होता. १९२९ पासून पुढे या मोटारीच्या अस्तित्वाची साखळी कोठेही तुटलेली नव्हती. नवे भाग दीर्घ काळात, क्रमाक्रमाने एका जिवंत वस्तूत मिसळत गेले होते. शिवाय ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही मोटार जगात नव्हती. उरलेलीही नव्हती आणि नष्ट झालेलीही नव्हती.

यावरून न्यायालयाने काढलेला निष्कर्ष दुपदरी होता आणि त्याचे दोन्ही पदर सारखेच महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, आज विक्रीस असलेली मोटार म्हणजे १९२९ किंवा १९३० मध्ये ल मान्स जिंकतेवेळी होती तीच, जशीच्या तशी मोटार होय, असे म्हणता येणार नाही. दुसरा असा की, ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ आहे, असे मात्र निःशंकपणे म्हणता येईल. विक्रीस काढलेल्या वस्तूत धातूइतकाच तिचा इतिहास आणि लौकिक यांचाही समावेश होता. निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला.

भारतीय वाचकाला या युक्तिवादात एक जुनी ओळख पटेल. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नकार देतो आणि अखेर मान्य करतो की, ‘रथ’ हे या सर्व अवयवांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले नाव आहे. लंडनच्या न्यायालयात विसाव्या शतकाच्या अखेरीस जो प्रश्न कोट्यवधींच्या किमतीसह विचारला गेला, त्याची मांडणी आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत आढळते. देवळाचा जीर्णोद्धार झाला, शिखर नवे चढले, फरशी बदलली, तरी देऊळ तेच राहते. भाविक त्याला नवे देऊळ म्हणत नाहीत. मात्र जुने देऊळ पाडून, त्याची एक शिळा नेऊन दुसऱ्या गावी त्याच नावाचे मंदिर बांधले, तर ते मूळचे ठरत नाही. सलग अस्तित्व हाच दोहोंमधील भेद आहे.

अस्सलपणाच्या पायऱ्या

संग्राहकांच्या बाजारात जुन्या मोटारींचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग कारखान्यातून निघालेल्या स्थितीत टिकून राहिलेल्या, न रंगवलेल्या, न बदललेल्या मोटारींचा. दुसरा जीर्णोद्धार केलेल्या मोटारींचा. यात मूळ चॅसिस, इंजिन आणि बहुतांश भाग कायम असतात, परंतु रंग, बैठका, विजेची जोडणी नव्याने केलेली असते. तिसरा वर्ग पुनर्बांधणी झालेल्या मोटारींचा. काही मूळ भागांभोवती उरलेली मोटार नव्याने उभी केलेली असते. चौथा वर्ग प्रतिकृतींचा. त्या कितीही हुबेहूब असल्या तरी त्यांचा मूळ मोटारीच्या इतिहासाशी संबंध नसतो.

या चार वर्गांतील किमतींचे अंतर प्रचंड असते. म्हणूनच विक्रीच्या जाहिरातीतील ‘रिस्टोअर्ड’ हा एक शब्द पुरेसा नाही. जीर्णोद्धार कोणी केला, केव्हा केला, काढलेले जुने भाग कोठे आहेत, कामाची छायाचित्रे आणि बिले उपलब्ध आहेत काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर खरी किंमत अवलंबून असते. चॅसिस आणि इंजिन यांच्यावरील क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतात की नाही, ही तपासणी तर सर्वांत आधी केली जाते.

जीर्णोद्धार नेहमीच किंमत वाढवतो, हा समजही तपासून घेण्याजोगा आहे. ‘बुलिट’ या १९६८ च्या गाजलेल्या अमेरिकी चित्रपटात अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी फोर्ड मस्टँग मोटार १९७४ मध्ये एका कुटुंबाने सुमारे सहा हजार डॉलरना घेतली आणि ती अनेक दशके त्यांच्याकडेच राहिली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिला खरेदीदाराच्या अधिभारासह ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले. तिचा रंग विटलेला होता, पत्र्यावर चित्रीकरणाच्या खुणा होत्या. त्या खुणाच तिच्या ओळखीचा पुरावा होत्या. एखाद्या उत्साही मालकाने त्या घासूनपुसून चकचकीत केल्या असत्या, तर मोटार सुंदर झाली असती, परंतु मूल्य घटले असते.

अखंड मालकीचे महत्त्व दाखवणारे दुसरे टोकाचे उदाहरण मर्सिडीज-बेंझ ३०० एस.एल.आर. या बंद छताच्या स्पर्धा-मोटारीचे आहे. १९५५ मध्ये अशा दोनच मोटारी बनल्या आणि दोन्ही कंपनीच्याच ताब्यात राहिल्या. त्यांपैकी एक मे २०२२ मध्ये स्टुटगार्ट येथील लिलावात १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. कोणत्याही मोटारीसाठी लिलावात तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती. पहिल्या दिवसापासून विक्रीच्या दिवसापर्यंत एकच मालक. अस्सलपणाविषयी शंका घेण्यास तेथे जागाच नव्हती.

बाजाराची भरती-ओहोटी

अशा आकड्यांनी सामान्य गुंतवणूकदाराचे मन भारावून जाणे स्वाभाविक आहे. परंतु या बाजाराची ओहोटीही तितकीच जबर असते. १९९० मधील त्या खटल्याचा निकाल लागला तेव्हा तेजीचा भर ओसरू लागला होता. १९६२ ते १९६४ या काळात चाळीसहून कमी संख्येने बनलेल्या फेरारी २५० जी.टी.ओ. या मोटारीला १९८९ च्या सुमारास एक कोटी डॉलरहून अधिक किंमत येत होती. पुढील काही वर्षांत त्याच जातीची मोटार त्याच्या एक-तृतीयांश किमतीला विकली गेली. तीच जात पुढे सावरली आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात एका जी.टी.ओ.ला ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. मधली वर्षे ज्यांना कर्ज काढून मोटार सांभाळणे जमले नाही, त्यांच्या वाट्याला मात्र ही वाढ आली नाही.

समभागाला लाभांश मिळतो, घराला भाडे मिळते, मुदत ठेवीला व्याज मिळते. संग्रहातील मोटार यांपैकी काहीच देत नाही; उलट दरवर्षी खर्च मागते. तिच्यावरील सारा लाभ विक्रीच्या एका दिवसावर अवलंबून असतो, आणि त्या दिवशी योग्य खरेदीदार हजर असेलच याची शाश्वती नसते.

हिशोबाची वही

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हा मुद्दा स्पष्ट करता येईल. समजा, एका संग्राहकाने ४० लाख रुपयांना जुनी स्पोर्ट्स मोटार घेतली आणि दहा वर्षांनी १ कोटी २० लाख रुपयांना विकली. किंमत तिप्पट झाली, म्हणजे वार्षिक चक्रवाढ दर सुमारे ११.६ टक्के पडला, असे वरवर दिसते. मित्रमंडळींत हाच आकडा सांगितला जातो.

आता वहीतील उरलेल्या नोंदी पाहू. खरेदीनंतर लगेच जीर्णोद्धारावर २५ लाख रुपये खर्च झाले. विमा, गॅरेजचे भाडे, देखभाल यांसाठी दरवर्षी दीड लाख, म्हणजे दहा वर्षांत १५ लाख रुपये गेले. विक्रीच्या वेळी दलाली १० टक्के, म्हणजे १२ लाख रुपये कापले गेले. हाती आलेली रक्कम १ कोटी ८ लाख. एकूण खर्च ८० लाख. निव्वळ नफा २८ लाख रुपये. खर्चाच्या तारखा लक्षात घेऊन परताव्याचा दर काढला, तर तो वर्षाला साडेतीन टक्क्यांच्याही किंचित खाली उतरतो. तिप्पट किमतीच्या बातमीमागील हा खरा हिशोब आहे. दहा वर्षे मोटार चालवण्याचा आणि मिरवण्याचा आनंद हा या हिशोबाबाहेरचा लाभ. ज्याला तो हवा आहे त्याच्यासाठी व्यवहार तोट्याचा नाही. परंतु केवळ नफ्यासाठी उतरणाऱ्याने आधी ही वही मांडावी.

भारतातील स्थिती

आपल्या देशात जुन्या मोटारींची हौस नवी नाही. संस्थानिकांच्या मोटारखान्यांतील अनेक मोटारी पुढे खासगी संग्रहांत आल्या आणि दिल्लीत १९६४ पासून जुन्या मोटारींचा मेळावा भरू लागला. कायद्याने मात्र या मोटारींना स्वतंत्र ओळख दिली ती २०२१ मध्ये.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेली खासगी दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ ठरतात. अशा वाहनांच्या नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क ठरवण्यात आले. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असून क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात. ही वाहने नित्याच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांपुरतीच मुभा आहे.

येथे एक विरोधाभास ध्यानी येतो. लंडनच्या न्यायालयाने सलग अस्तित्वाला प्राधान्य दिले. आपल्या नियमांनी मूळ स्वरूपाला दिले आहे. इंजिन आणि चॅसिस दोन्ही बदललेली ‘ओल्ड नंबर वन’ आपल्या व्याख्येच्या चौकटीत सहजी बसली नसती. यात एक निकष बरोबर आणि दुसरा चूक असे नाही. न्यायालय दोन पक्षांतील कराराचा अर्थ लावत होते; नियम सवलतीचा गैरवापर टाळण्यासाठी केलेले आहेत. हेतू बदलला की कसोटी बदलते. खरेदीदाराने आपल्याला कोणती कसोटी लागू पडणार आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

करआकारणीच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीवरील नफ्याला भांडवली नफ्याच्या करातून सूट आहे. आपल्याकडे वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत; परंतु मोटार वैयक्तिक वापरास योग्य आहे एवढे पुरेसे नसून तिचा तसा वापर प्रत्यक्षात झाल्याचे दाखवावे लागते. १९३१ च्या एका फोर्ड टूरर मोटारीच्या प्रकरणात मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने हीच भूमिका घेतली होती. आयुष्यभर कापडाखाली झाकून ठेवलेली मोटार विकून झालेला नफा करमुक्त आहे, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

१. मालकीची साखळी : पहिल्या मालकापासून विक्रेत्यापर्यंतच्या नोंदी, विक्रीपत्रे व नोंदणी पुस्तिका पाहाव्यात. जेथे साखळी तुटते, तेथे किंमतही तुटते.

२. बोजा : वाहनावर पूर्वीचे नजरगहाण नोंदलेले असल्यास ते उतरवल्याची नोंद आणि संबंधित बँकेचे ना-हरकत पत्र मागावे. वारसांमधील वाद नाही, याचीही खात्री करावी.

३. क्रमांक : चॅसिस व इंजिनाचे क्रमांक स्वतः पाहून कागदपत्रांशी ताडावेत. नव्याने कोरलेला क्रमांक ही धोक्याची सूचना समजावी.

४. बदललेल्या भागांची यादी : कोणते भाग केव्हा बदलले, याची लेखी यादी विक्रेत्याच्या सहीने घ्यावी. बदल दोष ठरत नाही. दडवलेला बदल दोष ठरतो.

५. करारातील वर्णन : ‘मूळ’, ‘अस्सल’, ‘जीर्णोद्धार केलेली’, ‘प्रतिकृती’ हे शब्द समानार्थी नाहीत. आपल्याला जे सांगितले गेले तेच करारात लिहिलेले आहे, याची खात्री करावी. वाद झाल्यास न्यायालय लिहिलेल्या शब्दांचाच अर्थ लावते.

६. स्वतंत्र तज्ज्ञाची तपासणी : ती सही करण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे. एक कोटी पौंडांच्या त्या व्यवहारात सर्व शंका करारानंतर बोलून दाखवल्या गेल्या.

७. विमा : जुन्या वाहनाची विमा-किंमत घसाऱ्याच्या तक्त्यावरून ठरत नाही, ती विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. मूल्यांककाचा अहवाल सोबत जोडून योग्य रकमेचा विमा उतरवावा.

८. निधीचा स्रोत : नजीकच्या काळात लागणारा पैसा, निवृत्तीची पुंजी किंवा महागडे कर्ज अशा खरेदीत गुंतवू नये.

समारोप

‘ओल्ड नंबर वन’च्या खटल्यात विक्रेत्याला यश मिळाले त्यामागे त्याच्या मोटारीतील जुन्या लोखंडाचे वजन नव्हते. त्यामागे होत्या साठ वर्षांच्या नोंदी : शर्यतींचे निकाल, दुरुस्त्यांचे तपशील, मालकांच्या नावांची अखंड परंपरा. त्या नोंदी नसत्या तर तीच मोटार, तेच इंजिन आणि तीच चॅसिस घेऊन न्यायालयात जाणाऱ्याला रिक्त हस्ते परतावे लागले असते.

हा धडा कोट्यधीश संग्राहकांपुरता नाही. वडिलोपार्जित घर, आजीचे दागिने, शेतातील जुनी विहीर किंवा अंगणातील जुनी मोटार, प्रत्येक मालमत्तेचे दोन भाग असतात : एक डोळ्यांना दिसणारा आणि एक कागदावर नोंदलेला. पहिला भाग काळाबरोबर झिजतो, बदलतो, नवा होतो. दुसरा भाग जपून ठेवला तर काळाबरोबर अधिक मौल्यवान होत जातो. म्हणून दुरुस्तीचे बिल फाडून टाकण्यापूर्वी आणि जुनी विक्रीपत्रे रद्दीत घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे. वस्तूची ओळख पटवून देण्याची वेळ आली, तर तोच कागद कामी येणार आहे.